बारावी ओळ पिवळीच राहते

गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या कादंबरीचा डावा अंगठा अजून बधिर आहे.

जानेवारीतला मंगळवार. दुपारचे सव्वातीन. मांजरी गावातलं एक कोल्ड स्टोरेज.

तिकीट ४१२. तक्रार: सगळे बाहेर आले तरी बारावी ओळ पिवळीच. स्थिती: चालू.

वॉचमन भीमरावांच्या हातातल्या मशीनवर कामगारांची यादी. माणूस आत, तर नाव पिवळं. एकही नाव पिवळं नसेल, तरच दाराला कुलूप.

कादंबरी हिंजवडीच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतून ते दुरुस्त करायला आली होती. यादी सरकवली की जुन्या ओळीचा रंग नव्या ओळीला चिकटतो, नेहमीची चूक. तिनं नवा नियम घातला. आजच्या हजेरीत नाव नाही, तर रंगही नाही.

बारावी ओळ पांढरी झाली. नाव, वेणूबाई.

"कोण ह्या?"

"पयल्यापास्नं यादीत हाय. म्या कधी बघितली न्हाई. तुमच्याच हापिसात कामाला असंल," भीमराव म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

तीच यादी स्वतःच्या फोनवर उघडून, रेंज तपासायला ती आत गेली. स्वतःचं नाव हजेरीत न घालता. दोन मिनिटांचं तर काम!

भीमराव परतले. यादी पांढरी. त्यांनी कुलूप लावलं.

आत दिवे गेले.

तिनं दार बडवलं. जाड दार. आवाज तिच्यापाशीच राहिला.

रेंज नाही. बोटं वळेनात.

मग पंखे थांबले... आणि शेजारी कुणीतरी दार बडवू लागलं.

सावकाश. सवयीनं.

रेंज नसतानाही तिच्या फोनवर बारावी ओळ पिवळी झाली...

दार उघडलं.

"वेणूबाई पुन्हा पिवळी झाली, म्हणून बघाय आलो," भीमराव म्हणाले. "ताई, तुम्ही आत कशा?"

ती बाहेर उन्हात बसली. तिनं सलिलला, तिच्या टीम लीडला, फोन लावला.

"ती ओळ राहू दे. त्या ओळीमुळे मी वाचले."

"कादंबरी, आज रिलीज आहे. भावना पुढच्या व्हर्जनमध्ये."

"सलिल, आत कुणीतरी आहे!"

"हजेरीत आहे का? नाही ना? मग रेकॉर्डच उडवतो."

तिच्या हातातल्या फोनवर बारावी ओळ नाहीशी झाली. तेराव्या नावानं वर सरकून तिची जागा घेतली.

आतून दार वाजलं.

भीमरावांनी उघडलं. कुणी नाही. नुसता गारठा.

लावलं.

वाजलं.

या वेळी जोरात... घाईत.

स्थिती: बंद.

कादंबरी ते तिकीट रोज सकाळी पुन्हा उघडते. सलिल संध्याकाळी बंद करतो. खाली एकच शेरा. चूक पुन्हा घडवून दाखव.

पुन्हा घडवायची, तर कुणीतरी आत अडकायला हवं.

काल संध्याकाळी ती शेऱ्याखाली काहीतरी लिहीत होती. मी वाकून पाहिलं.

"उद्या दुपारी. मांजरी. माझं नाव हजेरीत घालू नका."