शेवटचं कोण?

स्कार्थडेल या डोंगरखोऱ्यातल्या गावच्या शाळेत संध्याकाळी बैठक होती, म्हणून ब्रायनी रिग दुपारीच सायकल घेऊन निघाली. डोंगरापलीकडच्या चर्चपासून खोऱ्यापर्यंतची जुनी प्रेतवाट, जिच्यावरून पूर्वी गावची प्रेतं पुरायला नेत, एकदा सायकलने सबंध पार करून पाहायची. कुठे खडी वाहून गेलीय, कुठे चिखल होतो ते बघायचं, आणि बैठकीत छातीठोकपणे सांगायचं, की परका माणूस एकटासुद्धा या वाटेने सुखरूप येऊ शकतो. मेंढपाळांनी होकाराचे हात वर केले तर वाट सायकलींना खुली होणार होती. नाही केले, तर पुढच्या उन्हाळ्यानंतर शाळेला कुलूप. मुलं उरलीच नव्हती. घरं होती, पण त्यांत दिवे लागायचे ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचे.

न्यूझीलंडमध्ये शिकताना तिने असली निपचित पडलेली गावं सायकलवाल्यांच्या येण्याजाण्याने उठून बसलेली पाहिली होती. तेच वेड घेऊन ती परतली होती.

"तिकडे मेंढ्या आपल्यापेक्षा जास्त," तिला चर्चकडे सोडायला निघालेला आयझॅक काका गाडी चालवता चालवता म्हणाला, "आणि पोरगी शिकून काय आली? तर सायकल!"

"काका, सायकलवाले चहाचे पैसे देतात. तुझ्या मेंढ्या देतात का?"

"मेंढी चिखलात पडली तर निदान स्वतःचा फोटो काढत नाही."

तिला उतरवून त्याने डोंगराकडे पाहिलं. माथा दिसत नव्हता. "धुकं खाली येतंय. मी खोऱ्यातल्या फाटकाशी थांबतो. रेंगाळू नकोस."

ब्रायनी चढू लागली. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांच्यापलीकडे वाळून तांबूस पडलेलं नेच्याचं रान. जाड टायरांखाली खडी करकरत होती, आणि तेवढाच काय तो आवाज. मेंढ्या आठवड्यापूर्वीच खाली उतरवल्या होत्या. वर धुकं इतकं दाट झालं, की पुढचं चाक कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटू लागलं. घाम थंड झाला. इतकं एकटं तिला परदेशातही कधी वाटलं नव्हतं.

खिंडीत वरचं फाटक आलं.

स्कार्थडेलच्या माणसाला या फाटकाशी एक सवय असते. चालायला लागल्यापासून लागलेली. धुक्यात टोळीने उतरताना पुढचा माणूस फाटक उघडतो आणि मागे तोंड करून हाक देतो, "शेवटचं कोण?" सगळ्यात मागे असेल त्याने "मी" म्हणायचं आणि फाटक लावून घ्यायचं. मागे कोणी असताना "मी" म्हणायचं नाही. चेष्टेतसुद्धा नाही. कधीकाळी, लोक कोणाला तरी पलीकडे पुरून परतत असताना, या वाटेवर एक माणूस मागे राहिलं होतं. कोण, हे आता कोणालाच माहीत नाही.

ब्रायनीने कडी काढली, सायकल आत घेतली, आणि एकटी आहोत हे लक्षात यायच्या आत तोंडातून हाक गेलीसुद्धा.

"शेवटचं कोण?"

तिचं तिलाच हसू आलं. ती फाटक लावायला वळली.

"मी," धुक्यातून कोणी म्हणालं.

बाईचा आवाज होता. थकलेला, पण बरं वाटल्यासारखा. ब्रायनी ऐकत राहिली. डोंगर हाक परत देतो. उत्तर देत नाही.

"कोण आहे? या ना पुढे..."

कोणी आलं नाही. ओल्या लोकरीचा वास मात्र आला. ती सायकलवर बसली आणि फाटक तसंच टाकून निघाली. थोडं पुढे गेल्यावर मागे कडी पडली. सावकाश, सवयीच्या हाताने लावावी तशी.

वाट तळ्याच्या काठाने जाते. पाणी दिसत नव्हतं, दगडांना चाटत असलेलं ऐकू येत होतं. आणि खडीवर पावलं. तिने जोरात पायडल मारले तरी पावलं तेवढ्याच अंतरावर. थांबली तर तीही थांबली. तळ्यापुढचं फाटक तिने उघडलं, पण हाक दिली नाही. मागे वळून पाहिलं नाही.

कडी पडली.

"हळू गं..." तो आवाज म्हणाला. "मी मागे आहे..."

त्यात धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं. त्या आवाजात नुसता आनंद होता, बरोबर माणूस मिळाल्याचा.

उताराला लागल्यावर ब्रायनीने ब्रेक सोडून दिले. हात बधिर, दात वाजतायत, चाक दगडांवरून उडतंय. शेवटी धुक्यात गाडीचे पिवळे दिवे दिसले. खोऱ्यातलं फाटक आयझॅक काकाने उघडून धरलं होतं. ती आत शिरली, आणि त्याने सवयीप्रमाणे वाटेकडे तोंड करून विचारलं,

"शेवटचं कोण?"

ब्रायनीच्या मानेमागे कोणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी घेतात तसा.

"मी!" ती ओरडली. "मीच! लाव, काका, फाटक लाव!"

त्याने फाटक लावलं. गजांवर हात ठेवून धुक्यात पाहत राहिला. पलीकडे काहीच नव्हतं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "नक्की ना, पोरी?"

"नक्की."

बैठकीत काकाच पहिला उठला. "सायकलींची मी किती टर उडवतो, तुम्ही जाणता. पण आमची पोर आज धुक्यात एकटी आली, आणि सुखरूप आली. मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं. तिचा शब्द मला पुरे." एकेक करत हात वर गेले. लोकांनी तिची पाठ थोपटली, कोणी बिअर आणून दिली. ब्रायनी हसत होती. शेकोटीशी बसूनही तिची बोटं गरम होत नव्हती.

त्यानंतर ती वर गेली नाही. कामं निघत राहिली.

मे महिन्यात सायकलवाल्यांची पहिली टोळी आली. लख्ख ऊन, डोंगर वरपासून खालपर्यंत मोकळा. शाळेच्या अंगणात ब्रायनी चहा ओतत होती. दोन नवी कुटुंबं राहायला यायची म्हणत होती, अंगणात खरोखरच मुलं धावत होती. लीड्सचा एक शिक्षक सगळ्यात मागून पोचला, पेला घेऊन तिच्याजवळ टेकला.

"तळ्यापुढच्या फाटकावर बाई ठेवलीत ते छान केलंत. आम्ही सगळे जाईपर्यंत धरून उभी होती. मी म्हटलं, लावा आता, शेवटचा मीच. तर नाही म्हणाली."

किटली ब्रायनीच्या हातात तशीच राहिली. "काय... म्हणाली काय?"

"ब्रायनी अजून यायची आहे म्हणाली." त्याने डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे पाहिलं. "वळून पाहिलं तर तळ्याकाठी एक मुलगी सायकल धरून उभी होती, थोडी तुमच्यासारखीच, तीच का? मी हाक मारली, पण तिला ऐकू गेलं नसावं. फार गारठलेली दिसली हो. तिला आणायला जातंय ना कोणी?"