सकाळवाली, दुपारवाला आणि एकच कॉम्प्युटर

"तुम्ही सकाळवाल्या ना?"

जिन्याच्या वळणावर हा प्रश्न आला आणि मी जागीच थबकले. समोर एक उंच माणूस, हातात हेल्मेट, खांद्यावर पावसाची भुरभुर... आणि मी? पर्स, डबा, छत्री एका हातात कोंबून दोन-दोन पायऱ्या उतरत होते. पळत होते हो मी, सरळसरळ पळत होते!

"कशावरून?" मी कसंबसं म्हटलं.

"रोज खुर्ची इतकी खाली केलेली असते... म्हटलं, एवढंसं माणूस असणार." तो हसला. "मी दुपारवाला."

आमच्या संस्थेत कॉम्प्युटर एकच. सकाळी मी लहान मुलांचे कान तपासते आणि त्याचे रिपोर्ट विंडोजवर करते. दुपारी हा दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, तो लिनक्सवर. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या – एक लिनक्सची, एक विंडोजची. ज्याला जे हवं ते त्यानं निवडायचं. आठ महिने आम्ही एका खुर्चीवर बसत होतो आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहिलं ते नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी त्याची आठ महिन्यांची मेहनत मी धुऊन टाकली होती.

झालं असं, की सकाळी विंडोज अडकलं. उघडायचं, बंद व्हायचं, परत उघडायचं. वायरकाकांना बोलवायचं होतं. वायरकाका म्हणजे आमची मशीनं दुरुस्त करणारे काका. पण नाही! मला शहाणपणा सुचला. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, पेनड्राइव्ह लावला आणि विंडोज नव्यानं टाकलं. टाकलंही झकास. फक्त त्यानंतर त्या दोन ओळी आल्याच नाहीत. थेट विंडोज. लिनक्सचा मागमूस नाही. तोंडचं पाणीच पळालं माझ्या.

"मशीन मोकळं आहे ना?" त्यानं विचारलं. "मुद्दाम लवकर आलोय. एक आजोबा शेवटच्या प्रकरणासाठी रोज फोन करतायत."

खरं सांगायला कितीसा वेळ लागतो? आणि मी काय बोलले –

"अहो... काल संध्याकाळी वायरकाका आले होते ना, कीबोर्ड बदलायला... त्यांनी विंडोज नव्यानं टाकलं वाटतं. तुमचं लिनक्स दिसतच नाहीये."

त्याचा चेहरा असा काही उतरला! तो धावतच वर गेला. मला घरी जाता आलं असतं, पण पाय निघेना. मीही मागोमाग वर गेले. त्यानं मशीन चालू-बंद करून पाहिलं, मग फोन घेऊन गॅलरीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. मला फक्त त्याचा हात दिसत होता, हवेत वरखाली होणारा.

अर्ध्या तासात काका आले. साठीचे, शांत, खांद्याला अवजारांची पिशवी. संस्था चालवणाऱ्या मोठ्या मॅडमही आल्या. काकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं.

"माझ्याकडूनच झालं असेल, मॅडम," काका म्हणाले.

"काका, असं कसं चालेल?" मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसरं कुणीतरी बघतो."

काकांनी मान डोलावली आणि ते जिना उतरून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बोल, आता बोल, असं मनात चाललं होतं आणि मी मात्र पर्सचा बंद पिळत उभी. इतकी भित्री आहे मी? इतकी?

"बसा ना," दुपारवाला म्हणाला. त्यानं माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली. "बघू, काही वाचलंय का."

त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. त्यात एक अख्खं लिनक्स होतं, डिस्कला धक्का न लावता चालणारं. ते उघडलं, त्यातून डिस्कचा एक बिननावाचा भाग उघडला... आणि त्यानं सुस्कारा सोडला. सगळी पुस्तकं जागच्या जागी!

"म्हणजे गेलंच नव्हतं?"

"काहीच नाही गेलं. विंडोज नव्यानं टाकलं की सुरुवातीची जागा ते बळकावतं. कुठे जायचं हे विचारणारा जो छोटा प्रोग्राम असतो ना, ग्रब, तो बिचारा कोपऱ्यात ढकलला जातो. त्याला परत पुढे बसवायचं, एवढंच."

काळ्या खिडकीत त्यानं चार-पाच ओळी लिहिल्या. त्याची बोटं लांब होती आणि लिहिताना तो ओठ मिटून गुणगुणत होता. हे मला दिसत होतं, आवडत होतं, आणि आवडतंय म्हणून स्वतःचीच आणखी लाज वाटत होती.

मशीन पुन्हा चालू झालं. ओळ आली – पण एकच. लिनक्सची!

"अरेच्चा! आता तुमचं विंडोज गायब."

"बरं झालं," मी पुटपुटले.

"बरं काय? उद्या माझ्या लिनक्सवर पोरांचे कान तपासणार का?" तो खळखळून हसला. "थांबा. नव्या ग्रबला सांगावं लागतं – बाबा रे, शेजारी कोण राहतं तेही बघत जा." त्यानं एका फाइलमधली एक ओळ बदलली, परत एक आज्ञा दिली. खिडकीत विंडोज सापडल्याचं लिहून आलं. परत मशीन चालू केलं, तर दोन्ही ओळी हजर.

"झालं!" तो माझ्याकडे वळला. "मघाशी जिन्यात तुमचा आवाज थरथरत होता. माझ्या कामाचं कुणाला इतकं वाईट वाटेल, असं वाटलं नव्हतं हो... बरं वाटलं."

ते काही मला सोसवलं नाही.

"मी केलं," मी म्हणाले. "काकांनी नाही. विंडोज मी टाकलं. खोटं बोलले मी तुमच्याशी... आणि काका माझ्यासमोर बोलणी खात होते, तरी मी गप्प बसले."

त्याचं हसू मावळलं. मग त्यानं हेल्मेट उचललं.

"आधी मॅडम," तो म्हणाला. "मग काका. चला."

मॅडमना सांगितलं. त्यांनी मला झापायचं तेवढं झापलं आणि काकांचं काम आहे तसंच राहील म्हणाल्या. मग त्याच्या स्कूटरवरून आम्ही काकांच्या दुकानाकडे निघालो. मी मागे बसून मुकाट रडत होते.

काका दुकानात एक पंखा खोलून बसले होते. मी पुढे झाले, हात जोडले, आणि सांगायला लागले तर हुंदकाच फुटला.

"अगं पोरी, कळलं मला," काका म्हणाले. "तुझ्या तोंडावरच लिहिलं होतं की."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत, काका?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "हा फोनवर माझ्यावर ओरडत होता. मी म्हटलं, बाबा, मी विंडोजला हात लावलेला नाही. तर म्हणतो कसा, काका, ती मुलगी खोटं बोलणारी नाही, तिच्यासाठी मी कुणाशीही भांडेन. इतकं छातीठोकपणे कुणी कुणाबद्दल बोललेलं बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं. म्हटलं, त्याचा विश्वास आपण कशाला मोडायचा?"

दुपारवाल्याचे कान लालबुंद झाले. त्यानं काकांच्या पायाला हात लावला. "चुकलो, काका. तुम्हाला नको ते बोललो मी."

आम्ही बाहेर आलो. भुरभुर थांबली होती. तो स्कूटरला किल्ली लावून तसाच उभा राहिला.

"मी अजून रागावलोय तुमच्यावर," तो म्हणाला.

"रागवा. मी त्याच लायकीची आहे."

"चार-पाच दिवस तरी राहील राग."

"राहू दे... पण एक सांगू?" लाजेनं कानशिलं तापली होती. पण आता अजून काय जायचं शिल्लक होतं? "तुम्ही मला आवडता. आजच कळलं. हे सांगायला आजच्याइतका वाईट दिवस शोधून सापडणार नाही, ते मला कळतंय."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"खरं?" त्यानं हळूच विचारलं.

आज त्याला हे विचारायचा पूर्ण हक्क होता. मी मान वर केली आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले –

"खरं."

"बसा," तो म्हणाला. "घरी सोडतो."