अकरावा पेला

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. जंगलात जमिनीशी तोंड सपाट येईल असे पेले पुरायचे, पंधरा दिवसांनी जाऊन त्यांत कोण पडलंय ते बघायचं आणि मोजायचं. हे ऐकलं की लोक एकतर "ईऽऽ" म्हणतात, नाहीतर "पण याचा उपयोग काय?" असं विचारतात. पहिल्या प्रकारच्या लोकांशी माझं जमतं.

पेल्यात बोटभर मिठाचं पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाकायचे. पानांखालून धावणारे भुंगेरे, कोळी, गोमी त्यात पडतात. मग प्रत्येक पेल्याची वेगळी बाटली, आणि बाटलीत एक चिठ्ठी: ठिकाण, तारीख, पेला क्रमांक, नग, नर की मादी, गोळा करणारे. चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची, कारण शाई अल्कोहोलात धुऊन जाते. चिठ्ठी नसलेला भुंगेरा म्हणजे कचरा, असं दादा म्हणायचा.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. ही पाहणी त्यानेच सुरू केली आणि शिक्षण संपल्यावर मी त्याच्या हाताखाली लागले. तो ताडमाड, मी त्याच्या खांद्याच्याही खाली. त्यामुळे घरात, ऑफिसात, सगळीकडे त्याने माझं नाव 'मुंगी' करून ठेवलेलं. आम्ही बावीस वर्षं बरोबर काम केलं आणि त्यातली निदान वीस तरी भांडलो.

एक भांडण इथे सांगायला हवं. आमच्या ओळीत दहा पेले. अहवालात लिहिलंय, दोन पेल्यांमध्ये दहा मीटर अंतर. खरं तर दादाने पहिल्या दिवशी टेप घरी विसरून आपल्या ढांगांनी दहा पावलं मोजली होती. चार वर्षांनी मी सहज टेप लावून पाहिली तर अंतर भरलं साडेआठ मीटर. मी अशी काही तडकले! पण पेले हलवले असते तर चार वर्षांच्या नोंदी मातीमोल झाल्या असत्या, म्हणून ते तसेच ठेवले आणि अहवालातली थापही तशीच राहू दिली. त्याची दहा पावलं म्हणजे माझी बरोबर तेरा. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी मी दहाव्या पेल्यापाशी चिठ्ठी लिहीत होते. दादा म्हणाला, "मुंगे, पुढे जरा बघून येतो." मी मान वर न करता म्हटलं, "जेवायच्या आत ये, भाजी गार होते." त्याचा डबा मी संध्याकाळी तसाच भरलेला घरी आणला. अकरा दिवस शोध चालला. कुत्रीही आणली. ती दहाव्या पेल्यापर्यंत गेली आणि तिथेच बसून राहिली.

तेव्हापासून ओळीवर मी एकटीच जाते. 'गोळा करणारे' या ओळीत आम्ही दोघंही सही करायचो. मी माझी सही करते आणि शेजारची जागा मोकळी ठेवते.

यंदा वहिनीने कागद तयार करून आणला. सात वर्षं पत्ता नाही, तेव्हा माणूस वारला असं समजावं, असा तो अर्ज. त्यावर तिची सही झालेली, आणि त्याला शेवटचं पाहिलेली रक्ताची नातेवाईक म्हणून माझी हवी होती. मुलीकडे कायमचं राहायला जायचं तिच्या मनात होतं, आणि घर दादाच्या नावावर अडकलेलं.

"तुला घाई नाही करत," ती म्हणाली. घाई करतानाच माणसं असं म्हणतात.

"वहिनी, पुढच्या वेळी जाऊन आले की बघू."

"गेली सात वर्षं तू जाऊनच येतेयस, मुंगी." तिने डोळे पुसले. "मला रोज दोन कप मांडायची सवय आहे गं. मोडायचीय मला ती."

मी तो कागद पिशवीत टाकला आणि पिशवीतच ठेवला.

त्याच आठवड्यात मी ओळीवर गेले. पहिल्या पेल्यात चार भुंगेरे, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात एक बावळट बेडूक. बेडकाला दोन शिव्या देऊन सोडून दिलं. दहावा पेला उपसून उठले, तर समोर पानांत पांढरी कड दिसली.

अकरावा पेला!

आमच्यासारखाच, जाड पांढरा आणि निळ्या काठाचा. असे पेले दुकानात मिळायचे बंद होऊन पाच वर्षं झाली होती. मला वाटलं, एखाद्या कॉलेजवाल्याने आगाऊपणा केला. मी आजूबाजूला हाक मारली, मग सवयीने पावलं मोजली.

तेरा.

टेप लावली. साडेआठ मीटर. अहवाल वाचून कुणी पेला पुरला असता तर तो दहा मीटरवर पुरला असता. मी स्वतःला म्हटलं, बाई, योगायोग नावाची चीज असते जगात.

पेला आतून कोरडा, लख्ख. जंगलात दोन दिवस उघडा राहिलेला पेलासुद्धा रिकामा राहत नाही. निदान एक पान पडतं, एक मुंगी तरी पडतेच. यात काहीच नव्हतं.

परतताना नाक्यावरच्या वनरक्षकाला विचारलं. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मॅडम, तुमच्याशिवाय तिकडे येतंय कोण? मीसुद्धा जात नाही."

"का?"

"तिथे आवाज नसतो," तो म्हणाला, आणि नोंदवहीकडे वळला.

पंधरा दिवसांनी मला ताप भरला, म्हणून ठरल्या तारखेऐवजी दोन दिवस उशिरा गेले. हे कुणालाच कळवलं नव्हतं. एकट्या माणसाला कळवायचं तरी कुणाला असतं?

दहाव्या पेल्यानंतर जमिनीत पट्ट्या रोवलेल्या होत्या. पत्र्याच्या, गुडघ्याएवढ्या उंच, दोन्ही बाजूंनी, मधे एका माणसापुरती वाट ठेवून. अशा पट्ट्या आम्हीही कधीकधी लावायचो. त्यामागची युक्ती दादाने मला पहिल्याच वर्षी सांगितली होती: "मुंगे, भुंगेरा अडथळ्यावर चढत बसत नाही. तो कडेकडेने चालत राहतो. आपण फक्त कड कुठे न्यायची ते ठरवायचं."

अकराव्या पेल्यात चिठ्ठी होती. शिसपेन्सिलीने लिहिलेली आणि उजवा कोपरा दुमडलेला. चिमट्याला पकड मिळावी म्हणून दादा तो कोपरा दुमडायचा. ठिकाण बरोबर. तारीख त्या दिवसाची, माझ्या तापानंतरची. नग: शून्य. खाली त्याची सही, शेवटच्या अक्षराला उगाच वेलांटीसारखी शेपटी असलेली.

मी मटकन खाली बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, आनंदाने रडले. सात वर्षं मी वेडी नव्हते. माझा भाऊ होता. कुठेतरी, जवळपास, माझ्या तेरा पावलांवर.

"दादाऽऽ!"

उत्तर आलं नाही. मी पुढे निघाले.

बाराव्यात चिठ्ठी, नग शून्य. तेराव्यात चिठ्ठी, नग शून्य. प्रत्येक पेल्याचं तोंड आधीच्यापेक्षा थोडं मोठं होतं. बारावा वाटीएवढा, तेरावा तांब्याएवढा, चौदावा बादलीएवढा. मी मोजत होते, लिहून घेत होते, आणि 'आता भेटेल' एवढंच मनात घोकत होते.

पंधराव्यापाशी कानाला काहीतरी खटकलं. रातकिडा नाही, पाखरू नाही. कोरड्या पानांवर माझा पाय पडत होता त्याचाही आवाज येत नव्हता. आणि साबणाचा वास येत होता.

सोळावा मी आडवी झोपले असते तर माझ्यापेक्षा थोडाच कमी भरला असता. काठावर पालथी पडून हात आत घातला. खांद्यापर्यंत घातला, तरी तळ लागला नाही. बोटांना पाणी लागलं, कोमट. काठाला आतून चिठ्ठी चिकटलेली होती. भिजलेला कागद फाटेल म्हणून न वाचताच मी ती टिपकागदात ठेवली.

समोर, तेरा पावलांवर, पानं गोलाकार खाली दबलेली दिसत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दहाव्या पेल्यापासून इथवर मी एकदाही पट्टी ओलांडली नव्हती.

गुडघ्याएवढी तर पट्टी. मी पाय उचलायचा ठरवला.

पाय उचलला नाही.

दुखत नव्हता, जड झाला नव्हता. फक्त तो पुढे जायला तयार होता, मागे जायला तयार होता, आणि बाजूला जायचं त्याला सुचत नव्हतं.

मी मागे वळले. कडेकडेनेच, एक बूट पट्टीला घासत. दहाव्या पेल्यापाशी पट्ट्या संपल्या, तेव्हा कुठे माझ्या पावलांचा आवाज पुन्हा माझ्या कानावर आला. बाटल्या तिथेच टाकून मी पळत सुटले. बावन्न वर्षांची बाई, चिखलाचे बूट घालून, पळत.

थेट वहिनीकडे गेले. तिने दार उघडलं आणि माझा अवतार बघून म्हणाली, "अगं बाई! काय झालं?"

"पेन दे," मी म्हटलं.

मी सही केली. वहिनी कितीतरी वेळ माझा हात धरून बसली होती. तिला वाटलं, मी अखेर मन घट्ट केलं. मी तिला खरं सांगितलं नाही. दादा गेला असं मला वाटत नव्हतंच. तो आहे, याचीच मला भीती वाटली, म्हणून मी त्याला मेलेला ठरवला. सख्ख्या भावाला. हे मी कुणापाशी बोलू?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या माझ्या खोलीत टिपकागद उघडला. चिठ्ठी वाळली होती. भिंगाची गरज नव्हती, तरी भिंगाखाली धरली. ती वाचल्याला आज तेरा दिवस झाले. पंधरवड्याची फेरी उद्या आहे. विभागप्रमुखांना मी कळवलं की तब्येत बरी नाही, यावेळी जाणार नाही. ते म्हणाले, "विश्रांती घ्या, तुम्ही एकट्याने फार ओढलंत." उद्या मी घरीच राहणार आहे. बूट धुऊन माळ्यावर टाकलेत.

एक मात्र कबूल करायला हवं. सात वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट बघतंय, आणि ते मला पूर्णपणे वाईट वाटत नाही.

चिठ्ठी समोरच आहे. तारीख उद्याची. नग: एक. मादी. ठिकाणाची ओळ दादाने उभ्या आयुष्यात कधी कोरी सोडली नव्हती, ती कोरी आहे.

आणि गोळा करणारे या ओळीत एकच सही आहे. शेजारी माझ्यासाठी जागा सोडलेली नाही.