कांद्यावरचा राजवाडा

"खोटं आहे हे! वाळवी असं करूच शकत नाही!" राजनंदिनी ओरडली.

देवळामागच्या खोलीत ती, सत्यम आणि सत्यमची धाकटी बहीण करिष्मा नाटकाच्या पेटीत डोकं घालून बसली होती. आंब्याच्या लाकडाची भलीमोठी पेटी. आत लाकडी तलवारी होत्या, कागदाच्या लगद्याचा मुकुट होता, दाढ्या-मिशा होत्या. दरबाराचा पडदा तेवढा नव्हता.

"सत्यम, वाळवी आधी काय खाते?"

"लाकूड! आमी कारखान्याहून आलो, तवा आमच्या दाराची चौकट पोकळ झालती."

"मग बघ ना! तलवारींना एक भोक नाही, पेटी ठणठणीत. आणि एवढा मोठा पडदा खाल्ला? चिंधीसुद्धा ठेवली नाही?"

"लई शिकलेली वाळवी दिसती," करिष्मा म्हणाली. "दार उघडून आली, पडदा खाल्ला, कडी लावून गेली!"

सत्यम हसला. राजनंदिनीला हसू आलं नाही. ती बीडहून सुट्टीला आजोबांकडे आली होती ती या नाटकासाठीच. शिरूर कासारजवळच्या या गावात दरवर्षी यात्रेला 'न्यायी वज्रसेन' व्हायचं. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की तालमी सुरू. सत्यमचे वडील प्रधान व्हायचे. ते फडात ऊस तोडता तोडता आपली वाक्यं म्हणायचे. राजनंदिनीचे आजोबा भगवानराव म्हणजे वज्रसेन राजा. आणि पडद्यामागे डाव्या हाताला बसून सगळ्यांना वाक्यं सांगायची तिची आजी, रुक्मिणीबाई. ती कधी प्रेक्षकांना दिसली नाही, पण सगळं नाटक तिला पाठ होतं.

दिवाळीनंतर आजी गेली. तेव्हापासून आजोबा कामापुरतंच बोलत. आणि काल यात्रा कमिटीचा बजरंग भोंग्यावरून सांगून मोकळा झाला, "पडदा वाळवीनं खाल्लाय, यंदा नाटक रद्द. ऑर्केस्ट्रा येणार!"

सगळे म्हणाले, "जाऊ दे." आजोबासुद्धा म्हणाले, "जाऊ दे." त्या दोन शब्दांनी राजनंदिनीचं डोकं फिरलं होतं. एकदा बंद पडलेलं नाटक परत कोण उभं करणार? आणि आजोबा परत कधी बोलणार?

"काय चाललंय रं पोरांनो?" दारात बजरंग उभा होता, हातात मोबाईल.

करिष्मानं लगेच मुकुट राजनंदिनीच्या डोक्यावर ठेवला. "सावधान, महाराज! कपटी सेनापतीचे आगमन होत आहे!"

"भिऊ नकोस, दासी," राजनंदिनी त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली. "याचे पातक फार काळ झाकले जाणार नाही!"

"वा वा! झकास!" बजरंगला काही कळलं नाही. तो हसत निघून गेला.

ही भाषा आजीनं शिकवली होती. चहा पाहिजे असला तरी आजी म्हणायची, "हे सेविके, तुझ्या स्वामिनीचा कंठ शुष्क झाला आहे!" राजनंदिनी पळत चहा आणायची. एकेक शब्द तोंडभर वाटायचा. तिला रोजची भाषा त्यापुढे अळणी लागायची.

दुपारी तिघं सत्यमच्या घराकडे निघाली. वाटेत बजरंगचं खळं. कडुनिंबाखाली कांद्याचा ढीग, त्यावर मळकं कापड, कडेनं दगड. एवढ्यात वावटळ आली आणि कापडाचा कोपरा उडाला.

"दादा!" करिष्मा किंचाळली. "कांद्याला पंजा हाय!"

खरंच होता. सोनेरी, नखांसकट. सिंहासनाच्या सिंहाचा पंजा! राजनंदिनीनं धावत जाऊन कोपरा उचलला. आत पालथा पडलेला राजवाडा होता, आणि काठाला हिरव्या इरकलीचं ठिगळ. आजीच्या लुगड्याचं! पडदा फाटला तेव्हा आजीनं स्वतःचं लुगडं कापलं होतं.

त्या ठिगळावर कांद्याचा सडका रस वाळला होता.

राजनंदिनीनं कापड दोन्ही मुठींत धरलं. "ओढ! आत्ताच्या आत्ता ओढून काढ!"

"थांब," सत्यमनं तिचा हात धरला. "आत्ता काढला तर तो म्हणंल, पोरांनीच चोरलता. सगळ्यांम्होरं उघडला पाहिजे."

"सगळे इथे कशाला येतील?"

राजनंदिनी त्या पंजाकडे बघत राहिली. मग दात-ओठ खात म्हणाली, "पडदा नाटकाकडे येत नाही ना? मग नाटकच पडद्याकडे आणू!"

संध्याकाळी तिघं बजरंगपुढे उभी राहिली. राजनंदिनीला त्याचं तोंड बघवत नव्हतं, पण तिनं कमरेत वाकून मुजरा केला. "हे नगरीच्या भूषणा! आम्हा बालकांस एक छोटा प्रवेश करण्याची अनुज्ञा द्यावी!"

"म्हंजे काय?"

"आम्ही एक सीन करू का, काका? देवळापुढे ऑर्केस्ट्राचं स्टेज बांधतायत, म्हणून तुमच्या खळ्यात. तुम्हाला पहिली खुर्ची."

"करा की!" बजरंग खूश झाला. पालथा पडदा कोण ओळखणार, असं त्याला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर माणसं खळ्यात जमली. कमिटीतले सगळ्यात म्हातारे आप्पाराव पेटीवाले आपली बाजाची पेटी घेऊन आले. आजोबा येत नव्हते, राजनंदिनीनं त्यांना हाताला धरून आणलं. बजरंग पहिल्या खुर्चीत ऐसपैस बसला. सत्यमनं आधीच कडेचे दगड काढून पडद्याच्या वरच्या बांबूला दोर बांधून कडुनिंबाच्या फांदीवरून खाली सोडला होता.

करिष्मानं ताटलीवर तिसरी घंटा दिली. राजनंदिनी मुकुट घालून पुढे आली.

"उघडा दरबार!"

सत्यमनं दोर ओढला. कांदे घरंगळले, कापड सळसळत वर चढलं, आणि कांद्याच्या ढिगावर राजवाडा उभा राहिला! कमानी, झुंबरं, सिंहाचं सिंहासन.

"हा तर आपला दरबार!" आप्पाराव उठून उभे राहिले. "बजरंग! वाळवी का रं?"

"मी... अवकाळीच्या भ्यानं जरा झाकायला नेलता," बजरंग चाचरला. "मग डाग पडले, म्हणून म्हणलं... जुनं फडकं त्ये! कुणाला काय फरक पडतो?"

"जाऊ दे, पोरी," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही जाऊ देणार!" राजनंदिनीचा आवाज फाटला. "ते फडकं नाही! माझ्या आजीचं लुगडं आहे त्यात! तुम्ही सगळ्यांनी जाऊ दिलं, कुणी पेटी उघडूनसुद्धा बघितली नाही!"

कुणी वर बघेना. आजोबा मात्र उठले. ठिगळाजवळ गेले, त्यावर हात ठेवून उभे राहिले. मग वळून त्यांनी नातीच्या डोक्यावरचा मुकुट काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि बजरंगसमोर ताठ उभे राहिले.

"अरे कृतघ्ना!" त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "ज्या हातांनी..."

पुढचं आठवेना. सवयीनं त्यांनी मान डावीकडे, पडद्यामागे वळवली. तिथे कुणी नव्हतं.

राजनंदिनी धावली. पडद्यामागे, डाव्या हाताला, कांद्यातच बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ज्या हातांनी तुझ्या मस्तकावर छत्र धरले..."

"ज्या हातांनी तुझ्या मस्तकावर छत्र धरले," आजोबा गरजले, "त्या हातांची तुला इतक्यात विस्मृती झाली?"

बजरंगनं मान खाली घातली. आप्पारावांनी डोळे पुसत पेटीचा भाता ओढला.

"नाटक होणार!" ते म्हणाले. "यात्रेला हेच नाटक होणार! आन् बजरंग, तू भालदार. चारी अंक भाला धरून उभं राहायचं, हूं का चूं करायचं न्हाई! शाब्बास पोरांनो! राजनंदिनी, ये इकडं, तुला बक्षीस..."

"बक्षीस नंतर, आप्पा," ती पडद्यामागून बाहेर येत म्हणाली. राग अजून गेला नव्हता, आणि तो घालवायची तिला घाईही नव्हती. "आधी बजरंगकाकांनी ठिगळ धुवायचं. हातानं. हळू."

बजरंग आजोबांकडे बघायला लागला.

"पाहतोस काय, भालदारा?" आजोबा म्हणाले. "राजकन्येची आज्ञा झाली आहे. जलपात्र आण!"