आधी बस, मग टिळा

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात, चहावाल्याच्या बाकड्यावर बसून पल्लवीने आमदारांच्या पीएला फोन लावला, आणि शेजारच्याच माणसाचा फोन वाजला. त्याने नंबर पाहिला, फोन पालथा घातला आणि चहाचा घोट घेतला. तिने पुन्हा लावला. पुन्हा शेजारीच वाजला.

"उचला की," ती म्हणाली. "कवाचा वाजून राहिला."

तो गोरामोरा झाला. दिपक त्याचं नाव. डोळे मात्र छान होते… खोटं बोलायला न जमणारे. पल्लवीला खरं तर राग यायला हवा होता. आलं ते हसू.

"सॉरी ताई, दिवसभर फोन येतात—"

"ताई म्हणू नका." हे आपण का म्हणालो, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"बरं… मॅडम. काम काय हाये?"

काम साधंच होतं. इथलं कॉलेज सुटायचं पाचला आणि सिद्धेश्वरकडच्या पल्लवीच्या गावाची शेवटची बस निघायची तीनला. गावातल्या पोरी एकेक करून घरी बसल्या होत्या. आता पाळी तिच्या धाकट्या बहिणीची, सपनाची होती. दिवाळीपर्यंत बस आली नाही तर कॉलेज बंद आणि स्थळं बघायची, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. महिला ग्रामसभेने बसचा ठराव केला होता. तो आमदारांच्या कचेरीत धूळ खात पडला होता.

"कागदानं साहेब हालत न्हाईत," दिपक हळूच म्हणाला. "चार लोकांदेखत विचारलं, तर हालतात." मग आपण फारच बोललो असं वाटून त्याने घाईने विषय बदलला. "रविवारी तुमच्याच गावात सभामंडपाचं उद्घाटन हाये. साहेबांना ओवाळायला पाच बायका पाहिजेत. मिळतील?"

"पाचच काहून? सगळ्याच आणते की."

त्यानंतर फोन दिपकच करू लागला. ताटं किती, हार कुणाकडे, असल्या किरकोळ प्रश्नांना दोघांनाही बराच वेळ लागत असे.

रविवारी बायका ताटं घेऊन ओळीने उभ्या राहिल्या. निरांजनं पेटली, लोकांनी मोबाइल वर धरले. आमदारांनी टिळ्यासाठी कपाळ पुढे केलं. पण गावात सगळ्यांत वडीलधाऱ्या असलेल्या रूपाबाईंचं ताट जागचं हललं नाही.

"साहेब, आधी बस. मग टिळा."

भरलं ताट ओलांडून मंडपात शिरावं तर शोभा, माघारी फिरावं तरी शोभा. आमदारांनी दिपककडे रोखून पाहिलं. एका शब्दात तो बायकांना बाजूला करू शकला असता, आणि तसं न करण्यात त्याची नोकरी जाऊ शकली असती.

"डेपो मॅनेजर लाइनवर हायत, साहेब." दिपकने फोन पुढे केला. "बोलता का?"

साहेब सगळ्यांदेखत बोलले. रूपाबाईंनी स्पीकर लावायला लावला. पुढच्या सोमवारपासून साडेपाचची बस ठरली, आणि मग एवढी ताटं एकदम हलली की साहेबांच्या कपाळावर कुंकवाला जागा पुरेना.

सोमवारी बस आली. सपना उतरली, मागोमाग पोरींचा घोळका, आणि सगळ्यांत शेवटी दिपक.

"साहेब लई चिडले का?" पल्लवीने विचारलं.

"चिडले होते. मंग व्हिडिओ गावोगाव फिरला. आता भाषणात सांगून राहिले, बस मीच आणली."

"सांगू द्या. बस आली ना, बस्स."

तो घुटमळला. "मी… तुमच्या वडिलांना भेटावं म्हणतो. मागणी घालायला."

पल्लवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "व्हय का? अन् जिचं लग्न, तिला विचारायची पद्धत न्हाई वाटतं तुमच्यात?"

"तुमाला विचारायचीच भीती वाटते," तो खरं तेच बोलला. "पण विचारतो. माझ्याशी लग्न कराल?"

पोरी दप्तरं सावरत तिथेच उभ्या होत्या. एकीलाही घरी जायची घाई नव्हती. बस वळवून झाली होती. दारातून कंडक्टर ओरडला, "पाहुणे, येता का इथंच मुक्काम?"

पल्लवीला इतका आनंद झाला होता की दिपककडे बघणंच तिला जमेना. ती कंडक्टरकडे वळली.

"आज न्या त्यांना," ती म्हणाली. "रविवारी परत यायचंय त्यांना… आईवडिलांना घेऊन."