आठ पायांचं गिऱ्हाईक

एका जोडात आठ चपला, असे पंचवीस जोड! टोरू ग्रहावरच्या ‘झिम आणि मंडळी’ या दुकानाची ही मागणी पडद्यावर आली, तेव्हा कोल्हापूरच्या सुलभाआत्याला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. पण झिमने फोटो पाठवला. खरंच आठ पाय होते!

बदल्यात तो चामडं शिवायच्या, कधीच बोथट न होणाऱ्या सुया देणार होता. आत्याच्या कारखान्यातल्या बायकांची बोटं जुन्या सुयांनी सोलून निघत.

“आधी सुया पाठवा,” आत्याने लिहिलं.

“आधी चपला,” झिमचं उत्तर आलं.

अकरा दिवस हेच चाललं.

“मागच्या वर्षी एक जण चपला घेऊन पसार झाला. आता मी नाही फसायची!” आत्याने भाचीला, तेजलला बजावलं.

तेजलने आजोबांना गाठलं. आबा निवृत्त संगणकशास्त्रज्ञ होते.

“आबा, दोघंही प्रामाणिक असतील, तरी व्यवहार का अडतो?”

“आधी पाठवणाऱ्यालाच सगळा धोका, म्हणून. त्यापेक्षा दोघांनीही माल चंद्रावरच्या विश्वस्ताकडे (दोघांच्या वस्तू सांभाळणाऱ्या तिसऱ्याकडे) पाठवावा. तो दोन्ही खोकी तपासतो. सांगितल्याप्रमाणे असतील तरच अदलाबदल, नाहीतर ज्याचं त्याला परत.”

“आणि तोच पळाला तर?”

“त्याच्या व्यवहारांची नोंद उघडी असते (कोणीही वाचू शकतं). एकदा लबाडी केली, की पुन्हा त्याच्याकडे कोण जाईल?”

आत्याने ती नोंद तीनदा वाचली. मगच खोकं चंद्रावर गेलं. तिथल्या तपासनीस यंत्रमानवाचा निरोप आला: “सुया ठीक. चपलांत बिघाड. चालताना करकर वाजतात. दोन तासांत खुलासा करा, नाहीतर माल परत.”

“बिघाड?” आत्या भडकली. “अरे, त्या आवाजासाठी लोक रांगा लावतात!”

“पण हे आपण झिमला सांगितलं होतं का?” तेजलने विचारलं.

आत्याने कारखान्यातली तशीच एक जोडी काढून दिली. तेजलने चपला घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि तो आवाज झिमला पाठवला. सोबत लिहिलं, “आवाज मुद्दाम ठेवलाय. नको असेल तर खुशाल सांगा.”

पावणेदोन तास काहीच नाही. आत्याने सगळी नखं खाल्ली. मग झिमचं उत्तर झळकलं: “आणखी मोठा करता येईल का?”

सुया पोचल्या. बायकांची बोटं बरी झाली. पाच व्यवहार सुरळीत पार पडल्यावर झिमने सहाव्या वेळी सुया थेट आत्याकडेच पाठवून दिल्या, तेही चपला निघण्याआधी!

परवा त्याच्या शेजाऱ्याची मागणी आली. त्याला चौदा पाय आहेत.

“याचं चंद्रावरूनच,” आत्या म्हणाली. “आणि तेजल, या वेळी मालाचं वर्णन तू लिही.”