हवा काढायला दोघं लागतात

फोन खाली ठेवा आधी. आणि मी सांगतोय तोवर मध्येच कुणी 'छे' म्हणायचं नाही. गोष्ट माझ्या सख्ख्या साडूची आहे. साडू मेकॅनिक, आणि एक नंबरचा संशयी. बायकोनं हातात दिलेला चहासुद्धा वास घेऊन पिणारा. असा माणूस भुताखेताच्या नादी लागत नाही.

गेल्या वर्षीची नोव्हेंबरची सतरा तारीख. एका बाईंकडे काम होतं. साठ वर्षांची जुनी गाडी, पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे. तीन वर्षांपूर्वी बाईंचे यजमान हीच गाडी घेऊन डोंगराचा उतार उतरत होते. ड्रम तापले, ब्रेक लागेनात, आणि... असो. गाडी दुरुस्त झाली, माणूस गेला. आता लेकीला नोकरी लागलेली, त्याच उताराच्या खाली. बाबांचीच गाडी नेणार म्हणून हटून बसली होती. आई म्हणाली, ने, पण आधी ब्रेक बदल. सकाळी सातला निघायचं होतं.

घराच्या गॅरेजमध्येच डिस्क बसवून झाल्या. राहिली ब्रेक ऑइलच्या पाइपातली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली पाना घेऊन, दुसरा वर सीटवर. खालचा म्हणतो, दाबा. वरचा पेडल दाबून धरतो. खालचा निप्पल, म्हणजे चाकामागचा हवा सोडायचा बारीक स्क्रू, सैल करतो, हवा जाऊ देतो, आवळतो. मग म्हणतो, सोडा. वर मुलीचे काका बसले होते. त्यांना हे काम मुळातच नको होतं. "दादाची गाडी आहे तशी राहू द्या," हे चारदा म्हणून झालेलं.

रात्रीचे अकरा वाजले तरी पेडल मऊच, म्हणजे आत हवा आहेच. साडूच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस मुद्दाम, मी आवळायच्या आधीच पाय उचलतोय, हवा परत आत ओढली जातेय. गाडी स्वतःला हवी असणार. आमचा साडू कसला गप्प बसतोय. खालूनच म्हणाला, "काका, पोरीच्या जिवाशी खेळताय तुम्ही."

मग गाडीचं दार आपटलं. पावलं लांब गेली.

थोड्या वेळानं सीट करकरली. साडूला वाटलं, आले राग गिळून.

"दाबा." पेडल दाबलं गेलं.

"सोडा." सुटलं. अगदी वेळेवर. एकदाही चूक नाही. साडू मनात म्हणाला, बघा, आता कसं जमतंय. म्हणजे मघाशी मुद्दामच.

अकरा चाळीसला फोन वाजला. त्यानं पडल्या पडल्याच कानाला लावला.

"रागाच्या भरात घरी निघून आलो मी," काका म्हणाले. "तुम्ही एकटेच अडकला असाल. येऊ का परत?"

साडूनं फोन तसाच छातीवर ठेवला.

तेवढ्यात ब्रेकचे पॅड डिस्कवर टक्कन बसले. पेडल दाबलं होतं. त्यानं न सांगता.

"सोडा..."

नाही सुटलं.

"कोण आहे वर?"

...

वर बघायची हिंमत नाही. समोर डावं चाक. त्याच्यावर टॉर्चचा उजेड. आणि तिथं, पाइपाच्या जोडावर... एक थेंब. ब्रेक ऑइलचा. फुगला. पडला. मग दुसरा.

तो जोड त्यानंच बसवला होता. हातानं फिरवून ठेवलेला. पान्यानं आवळायचा राहिलेला. हवा तिथूनच आत शिरत होती. आणि बोल काकांना लावले.

त्यानं आवळला. थेंब थांबला.

पेडल सुटलं. हळूच.

मग पुन्हा दाबलं गेलं. साडूनं निप्पल सैल केलं, आवळलं. सुटलं. पुन्हा... पुन्हा... दोघंही बोलत नव्हते. शेवटचा बुडबुडा निघाला तेव्हा साडू रडत होता, हे त्यानं स्वतः मला सांगितलं. बाहेर आला. सीट रिकामी.

सकाळी त्यानं काकांचे हात धरून माफी मागितली. पेडल दगडासारखं घट्ट. फक्त एक गोष्ट होती. पेडलवरचं, यजमानांच्या पायाखाली झिजलेलं रबर काढून त्यानं आदल्या संध्याकाळीच कोरं चढवलेलं. त्याचा उजवा कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता. वर्षानुवर्षं एकच पाय तिरका पडत आल्यासारखा.

साडू ते बदलायला वाकला. बाईंनी त्याला थांबवलं. कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवलं.

"राहू द्या," म्हणाल्या, आणि किल्ली लेकीच्या हातात दिली.